साडेसातचं गेट: भांडुपच्या डोंगरावरच्या एका सातवीतल्या मुलीचं प्रकरण

साक्षी माझ्या वर्गात सातवीला होती. नाव बदललं आहे, घर ओळखू येईल असे एकदोन तपशीलही बदललेत. महापालिकेची मराठी माध्यमाची शाळा, सकाळचं सत्र, भांडुप पश्चिम. मी तिची वर्गशिक्षिका, त्यामुळे पुढे येणाऱ्या चुकांपैकी निम्म्या तरी माझ्या आहेत. शिक्षकांच्या एका बैठकीत हे सगळं तोंडी सांगितलं होतं. तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या, लिहून काढा, आमच्याकडेही अशा मुली आहेत.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळचं जालना जिल्ह्यातलं. वडील नाक्यावरचे बिगारी. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मुकादमाने उचललं तर काम, नाहीतर घरी परत. साक्षी पाचवीत असताना ते परांचीवरून पडले आणि कंबर गेली. जड उचलता येत नाही म्हटल्यावर नाक्यावर त्यांना कुणी विचारेना. मग आठवड्यातून दोनतीन दिवस कुठे रंगाऱ्याच्या हाताखाली, कुठे रात्रीच्या वॉचमनच्या बदलीवर, असं चाललेलं. आई एल. बी. एस. मार्गालगतच्या टॉवरांमध्ये तीन घरी भांडी आणि लादी करायची. पहिलं घर सातचं. धाकटा भाऊ तिसरीत, आमच्याच इमारतीत, पण दुपारच्या सत्रात. आमच्याकडे पहिली ते चौथी दुपारी भरते, पाचवी ते आठवी सकाळी.

घर डोंगरावर, रिक्षा थांबते तिथून दीडशेच्या वर पायऱ्या. भाड्याची एक खोली. घरात नळ नाही. मधल्या टप्प्यावर सामायिक नळ, त्याला पाणी सकाळी सहा ते साडेसात. दाब कमी, त्यामुळे एक हंडा भरायला लागायचा तो वेळ लागायचाच. मुंबईच्या बहुतेक भागाला शुद्ध पाणी पुरवणारं महापालिकेचं संकुल याच भांडुपमध्ये आहे. डोंगरावरची माणसं ही गोष्ट हसत हसत सांगतात. मला ती दरवेळी टोचते. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्तीतल्या लोकांनाही पाण्याचा हक्क आहे असं सांगितलं. नळ त्यानंतर आला, एवढं खरं.

संध्याकाळचं काम वेगळं. एक माणूस पिशवीभर कानातले आणि पुठ्ठ्याची कार्डं आणून द्यायचा. जोडी कार्डाला अडकवायची, मागे बूच लावायचं, १४४ कार्डं झाली की एक ग्रोस. ग्रोसला १४ रुपये. आई आणि साक्षी मिळून रात्री साडेदहापर्यंत चारपाच ग्रोस करायच्या. म्हणजे सत्तरच्या आसपास रुपये, आणि तेच दुसऱ्या दिवसाच्या भाजीचे.

शाळेकडून तिला काय मिळत होतं, हेही सांगायला हवं. महापालिका मुलांना २७ शैक्षणिक वस्तू मोफत देते. साक्षीकडे गणवेश, बूट, दप्तर, वह्या, बालभारतीची पुस्तकं सगळं होतं, आणि तेही नीट ठेवलेलं. फी नाही. दुपारचं जेवण म्हणतात ती खिचडी, सकाळच्या सत्रात मधल्या सुट्टीत. वस्तूंच्या हिशेबाने पाहिलं तर या मुलीला काही कमी नव्हतं. म्हणूनच आम्हाला बराच काळ कळलं नाही.

अडचण

शाळा १५ जूनला सुरू झाली. सप्टेंबर संपेपर्यंत कामाचे ८३ दिवस झाले, साक्षी हजर ३१. पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ४. ऑगस्टमध्ये मी तिच्या नोंदीत लिहिलं, ‘पालक उदासीन’. हे दोन शब्द आम्ही शिक्षक इतक्या सहज लिहितो की लिहिताना पेन थांबतही नाही.

आता गेटचं. शाळा ७.२० ला भरायची. प्रार्थना, राष्ट्रगीत, परिपाठ. साडेसातला शिपाईमामा गेट ओढून घ्यायचे. उशिरा आलेल्यांनी बाहेर थांबायचं, परिपाठ संपला की नावं लिहून आत घ्यायचं, तिसऱ्यांदा उशीर झाला तर पालकांना घेऊन या. शिस्तीसाठी केलेला साधा नियम. वाईट हेतू कुणाचाच नव्हता.

साक्षीचा रोजचा हिशेब असा: आई पावणेसातला उतरते. वडील रात्रपाळीहून आले असतील तर झोपलेले, आणि कंबरेमुळे त्यांना हंडा उचलायचा नाही. म्हणजे रांगेत साक्षी. पाणी साडेसातला जातं. पिंप भरून, भावाला उठवून, पायऱ्या उतरून ती आठच्या आत शाळेत पोचूच शकत नव्हती. उशीर अर्ध्या तासाचा. पण तो अर्धा तास गेटवर नाव लागून तिसऱ्यांदा पालक आणण्यापर्यंत जायचा, आणि पालक आणायचे म्हणजे आईचा एक खाडा. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं बारा वर्षांच्या मुलीने ठरवलं होतं. आमच्या नियमात उशिराला शिक्षा होती, गैरहजेरीला फक्त नोंद. तिने स्वस्त पर्याय निवडला.

हे मला ऑक्टोबरमध्ये कळलं. तोपर्यंत आईला तीन चिठ्ठ्या गेल्या होत्या. त्या एकदाच आल्या, सप्टेंबरमध्ये, सकाळी नऊला, पदराला हात पुसत. मी त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “बाई, मला कळतंय सगळं. पर म्या एक दिस नाही गेले तर त्या म्याडम दुसरीला ठेवत्यात. अन् नळ काय माझ्या हातात हाय का?” नळाचं वाक्य तेव्हा माझ्या कानावरून गेलं. मी त्याला सबब समजले.

दुसरी गोष्ट गणिताची. चाचणीतलं उदाहरण होतं: एक डझन वह्यांची किंमत १८० रुपये असल्यास ७ वह्यांची किंमत किती? साक्षीची जागा कोरी. मी तिला जवळ बसवून वाचायला लावलं. ‘डझन’ वाचलं, ‘किंमत’ अडखळत वाचलं आणि ‘असल्यास’पाशी गाडी थांबली. अ-स-ल्या... ल्या की ल्य? हा शब्द तिच्या घरात कुणी बोलतच नाही. पुस्तक मिटून मी विचारलं, “ग्रोसला चौदा रुपये, तर छत्तीस कार्डांचे किती?”

“साडेतीन,” ती लगेच म्हणाली. मग थोडं थांबून, “पण तो तीनच देतो.”

एकमान पद्धत तिला येत होती. अपूर्णांक येत होता, आणि वरचे पन्नास पैसे कुठे जातात हेही माहीत होतं. तिला वाचता येत नव्हतं. आम्ही तिला गणितात कच्ची ठरवून मोकळे झालो होतो. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचन तपासायची पद्धत आता शिक्षकांना ठाऊक आहे. तशी तपासली तर ती परिच्छेदावर अडत होती, म्हणजे जेमतेम पहिलीचं वाचन. पाचवी-सहावीत वडिलांचं आजारपण, गावाला दोन महिने, परत येणं, यात जे सुटलं ते सुटलंच होतं. वर्ग पुढे सरकत राहिला.

तिसरं, अंग. नोव्हेंबरच्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. त्यात नवल नव्हतं. सहावी ते आठवीच्या मुलांच्या शालेय जेवणाचं प्रमाण ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं असं ठरलेलं आहे. पण ते जेवण हजर मुलालाच मिळतं. चार महिन्यांत ५२ दिवस गैरहजर, म्हणजे ५२ वेळा ती खिचडी बुडाली. घरी सकाळी चहा आणि बटर. आठवड्याची लोहाची निळी गोळीही शाळेतच मिळते, ती पण बुडाली.

आणि लक्ष. वर्गात आली तरी ती खिडकीबाहेर बघायची. ‘लक्ष नाही’ हेही मी नोंदीत लिहिलं आहे. २०१३ साली तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्याच माणसांना कापणीआधी, हात तंग असताना, आणि कापणीनंतर पैसा हातात आल्यावर सारख्याच बौद्धिक चाचण्या दिल्या. आधीची कामगिरी स्पष्टपणे कमी. माणसं तीच, डोकं तेच, फक्त काळजी डोक्यातली जागा अडवून बसलेली. साक्षीला एकदा विचारलं, खिडकीबाहेर काय बघतेस? म्हणाली, “पिंपाचं झाकण लावलं का ते आठवत नाही.” मोठ्या माणसांवरचा अभ्यास मुलांना जसाच्या तसा लावू नये, हे मान्य. पण ते झाकण मला पटलं.

समोर असलेले पर्याय

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक, मी आणि आमच्यातले बालरक्षक म्हणून, म्हणजे शाळेपासून तुटलेल्या मुलांना परत आणण्याचं काम करणारे एक सर असे तिघे बसलो. घाई होती, कारण सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं आणि साक्षी एकदा चोवीस दिवसांपर्यंत पोचली होती.

पहिला पर्याय, पालकांना कडक समज. मुख्याध्यापकांचा कल तिकडे होता. सरांनी आठवण करून दिली की २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातलं ‘सक्तीचं’ पालकाला धरून नाही. ती सक्ती सरकारवर आहे, आणि मुलाच्या उपस्थितीवर लक्ष ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं, म्हणजे आमच्याच महापालिकेचं कर्तव्य. समज द्यायचीच तर कोणी कोणाला द्यायची, असा तो मुद्दा. मुख्याध्यापक हसले, पण विषय तिथे थांबला.

दुसरा, दुपारचं सत्र असलेली शाळा. मराठी माध्यमाचे वर्ग पट घसरल्यामुळे कमी होत गेलेत, हे मुंबईत कुणाला नवीन नाही. सातवीचा दुपारचा मराठी वर्ग जवळ नव्हताच. होता तो मोठा रस्ता ओलांडून, चालत पाऊण तास. हिंदी माध्यमाची दुपारची सातवी आमच्याच इमारतीत होती. जिला मराठीत ‘असल्यास’ वाचता येत नाही तिला हिंदीत टाकायचं? नको म्हटलं. अजूनही तेच म्हणेन.

तिसरा, गावी आजीकडे किंवा वसतिगृहात ठेवणं. वडिलांना हे हवं होतं. डोंगरावरची बरीच कुटुंबं तसं करतात, आणि दरवेळी ते चुकीचं ठरतं असंही नाही. पण आजी थकलेली, आणि आईने एका वाक्यात निकाल लावला: “ती गेली तर पाणी कोण भरणार?” ऐकताना राग आला. नंतर वाटलं, निदान ही बाई खरं बोलते.

चौथा, कानातल्यांच्या कामाची तक्रार. यावर शिक्षककक्षात अर्धा तास वाद झाला. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, मात्र शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या उद्योगात मदत करायला मुभा आहे. बाहेरच्या माणसाने पिशवीतून आणून दिलेला माल हा कुटुंबाचा उद्योग कसा? एका सहकारी बाईंचं म्हणणं होतं की १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करायलाच हवा, नाहीतर आपण डोळेझाक करतो. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण तक्रारीने तो माणूस पिशवी घेऊन दुसऱ्या गल्लीत गेला असता आणि या घरातले सत्तर रुपये बंद झाले असते. फोन केला नाही. हा निर्णय मला आजही पूर्ण पेलत नाही.

पाचवा, पैशाची मदत. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या मुलांना शैक्षणिक साहाय्य मिळतं: पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,०००. वडील इतकी वर्षं बांधकामावर, पण नोंदणी कधी केलीच नव्हती. त्यासाठी ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नाक्यावरच्या बिगाऱ्याला दर आठवड्याला वेगळा मुकादम. शिवाय पहिली ते सातवीसाठी अट ७५ टक्के उपस्थितीची. जिची उपस्थिती गरिबीमुळे घसरली तिला गरिबीसाठीची मदत मिळायला आधी उपस्थिती हवी. तरी प्रयत्न करायचा ठरलं.

सहावा पर्याय यादीत नव्हता. तो शिपाईमामांनी सुचवला. चहा ठेवायला आत आले होते, जाता जाता म्हणाले, “सर, ती एकटी नाही. डोंगरावरची सहासात पोरं रोज खालच्या वडापावच्या गाडीपाशी उभी असतात. साडेसात वाजून गेले की घरी वळतात.”

आम्ही एका मुलीचा प्रश्न सोडवायला बसलो होतो. वर्गांच्या हजेऱ्या मागवून पाहिल्या. सहा मुलं आणखी, पाचवी ते आठवीतली, त्याच नळाची. सगळ्यांचे दिवस साधारण जुळत होते.

काय केलं

गेट आधी. मुख्याध्यापकांनी तोंडी परवानगी दिली: डोंगरावरच्या सात मुलांना सव्वाआठपर्यंत प्रवेश, नाव लिहायचं नाही, पालक आणायचे नाहीत. सातवीपुरतं मी वेळापत्रक हलवलं. पहिल्या तासाला मराठी असायचं, तिथे चित्रकला आणि कार्यानुभव आणले आणि मराठी मधल्या सुट्टीनंतर टाकलं. पाचवी आणि सहावीच्या शिक्षकांना हे आवडलं नाही. एकाच मुलाला सूट दिली की बाकीचे विचारतात, हा त्यांचा आक्षेप बरोबरच होता. पण आमच्या वर्गातल्या मुलांनी आठवड्याभरानंतर कुणी उशिरा आलं तर मान वर करून बघणंही सोडलं.

मग माझी मोठी चूक. गृहभेटीला गेले. न कळवता गेले, संध्याकाळी सातला. खोलीत साक्षी मांडी घालून बसलेली, पुढ्यात कार्डांचा ढीग, मागे निळं पिंप. गृहभेटीचा पुरावा म्हणून मी फोटो काढला आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथून तो कुणीतरी कौतुकाने वस्तीतल्या एका मंडळाच्या ग्रुपवर पाठवला, ‘आमच्या शाळेच्या शिक्षिका घरोघरी’ असं लिहून. तिसऱ्या दिवशी वर्गातली दोन मुलं तिला ‘कानातलेवाली’ म्हणाली. ती नऊ दिवस आली नाही. गेट उघडं होतं, तरी नाही आली.

दहाव्या दिवशी मी परत गेले, या वेळी आधी निरोप देऊन. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. चूक झाली एवढंच म्हटलं. साक्षी काही बोलली नाही. आईने चहा केला. वडील भिंतीला टेकून बसले होते, ते म्हणाले, “फोटोत पोरगी आली याचं काय नाय बाई. पिंपाला झाकण नव्हतं ते सगळ्यांनी बघितलं.” मी आजवर ऐकलेल्या टीकेतली ही सगळ्यात नेमकी. दुसऱ्या दिवशी साक्षी आठ वाजता आली.

वाचनाचं काम रोज मधल्या सुट्टीनंतर चाळीस मिनिटं. वर्गातली अकरा मुलं परिच्छेदाच्या खाली होती, त्यांचा वेगळा गट. सातवीचं पुस्तक बाजूला ठेवून छोट्या गोष्टी, जोडाक्षरांचे खेळ, आणि शाब्दिक उदाहरणांची ‘भाषांतरं’. ‘किंमत असल्यास’ म्हणजे ‘किमतीला मिळत असेल तर’. ‘प्रत्येकी’ म्हणजे ‘दर माणशी’. मुलांनी स्वतःची उदाहरणं लिहायची. साक्षीचं पहिलं उदाहरण: ‘एका ग्रोसला १४ रुपये मिळत असल्यास आणि माणूस पैसे कापत असल्यास किती मिळतील?’ याचं उत्तर पुस्तकाच्या मागे नसतं, हे तिला मी सांगितलं.

लोहाच्या गोळीची गंमत झाली. सोमवारी सकाळी उपाशीपोटी घेतली की तिला मळमळायचं, एकदा उलटीही झाली, म्हणून ती गोळी तोंडात धरून नंतर बेसिनमध्ये टाकायची. गोळी जेवणानंतर द्यायची असते, सूचनेत तसं स्पष्ट आहे. पण आमच्याकडे सोयीसाठी प्रार्थनेनंतर वाटत होते. मधल्या सुट्टीत, खिचडीनंतर द्यायला सुरुवात केली. सगळ्या शाळेचीच.

पालकसभा रविवारी दुपारी, वस्तीतल्या बालवाडीच्या खोलीत घेतली. शाळेत बोलावलं की आठदहा पालक यायचे. तिथे चाळीसच्या वर आले, त्यात पुरुष माणसंही. पाण्याच्या वेळेबद्दल वॉर्ड ऑफिसला द्यायचा अर्ज तिथेच लिहिला गेला, सह्यांसकट. अर्जाची पोच मिळाली.

निष्पत्ती

ऑक्टोबर ते एप्रिल कामाचे १३७ दिवस, साक्षी हजर ११२. फोटोचे नऊ दिवस त्या पंचवीस गैरहजेऱ्यांतच आहेत. वाचन मार्चमध्ये गोष्टीपर्यंत आलं. अडखळत, पण अर्थ लागत होता. बाकीच्या सहा मुलांपैकी चौघांची हजेरी सुधारली. एक कुटुंब दिवाळीत गावी गेलं ते परतलंच नाही. एका मुलाच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही, कारण त्याची अडचण पाणी नव्हतीच. ती काय होती हे आम्हाला आजही नीट माहीत नाही.

इथवर ऐकलं की गेटची कथा यशस्वी वाटते. मीही तशीच समजून होते. मार्चमध्ये आईने सहज सांगितलं की तिने सातचं घर डिसेंबरमध्येच सोडलं. त्या घराचे महिन्याला १,८०० रुपये होते. सव्वाआठपर्यंत पोचायचं तरी रोज धावपळ, साक्षी पायऱ्यांवर दोनदा घसरली, म्हणून आई स्वतः रांगेत उभी राहायला लागली. तिने आम्हाला सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. हजेरीपटावरच्या ११२ मध्ये त्या घराचे चार महिन्यांचे ७,२०० रुपये आहेत. ते भरून काढायला रात्रीचे ग्रोस वाढले. साक्षी आता अकरापर्यंत जागते.

पैशाच्या बाजूने काय झालं, तेही लिहिते. वडिलांची नोंदणी फेब्रुवारीत झाली, नाक्यावर काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या मदतीने. चार मुकादमांनी प्रमाणपत्र नाकारलं, पाचव्याने दिलं. पण साहाय्य मिळालं नाही. वर्षाचे २२० दिवस, हजेरी १४३, म्हणजे ६५ टक्के. पंचाहत्तरला १६५ लागले असते. बावीस दिवस कमी.

वार्षिक निकालात साक्षीला ५३ टक्के. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. त्या परीक्षेला बसायला सातवीत ५५ टक्के लागतात, राखीव गटातल्या काही मुलांना सूट आहे, साक्षीला ती लागू नव्हती. दोन टक्के. जून ते सप्टेंबरमधल्या ५२ दिवसांपैकी पाचसहा दिवस जरी ती वर्गात असती, तर? असा हिशेब करू नये हे कळतं, तरी मी तो करते.

पुन्हा करायचं झालं तर

जुलैमध्येच हजेरीपट वस्तीनुसार लावून बघेन. आम्ही तो वर्गानुसार बघतो, नावांच्या क्रमाने. डोंगरावरची मुलं एकाखाली एक लिहिली असती, तर पहिल्या पंधरवड्यात नळ दिसला असता. आता मी जूनच्या शेवटी एका कागदावर हे करते, अर्धा तास लागतो.

‘पालक उदासीन’ मी आता लिहित नाही. काय माहीत आहे ते लिहिते: ‘आई सात ते अकरा कामावर’. एवढ्याने काही सुटत नाही, पण पुढच्या वर्गशिक्षिकेला निदान सुरुवात मिळते.

फोटो नाही. गृहभेटीचा पुरावा मागितला तर वहीत तारीख आणि सही. एकदा वरून फोटोचा आग्रह झाला, तेव्हा मी पायऱ्यांचा फोटो पाठवला.

सव्वाआठची सवलत देताना मी विचारायला हवं होतं की ती कुणाला परवडते. आम्ही गेट अर्धापाऊण तास उघडं ठेवलं आणि उरलेली पंधरा मिनिटं त्या घराने विकत घेतली. साडेआठ ठेवलं असतं तर कदाचित आईचं सातचं घर राहिलं असतं. कदाचित. मुख्याध्यापक साडेआठला तयार झाले नसते असं मला तेव्हा वाटलं, म्हणून मी मागितलंच नाही. नकार मिळायच्या आधीच मी माघार घेतली होती.

१०९८ च्या फोनबद्दल माझं अजून ठरलेलं नाही. त्या सहकारी बाई आता दुसऱ्या शाळेत आहेत. भेटलो की आम्ही तो वाद तिथूनच पुढे सुरू करतो.

आणि परवानगी लेखी घ्यायला हवी होती. त्या उन्हाळ्यात मुख्याध्यापक निवृत्त झाले. जूनमध्ये नव्या मुख्याध्यापिका आल्या, शिस्तीच्या, कामाच्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. शाळेच्या तिसऱ्या दिवशी मी आठ वाजता खिडकीतून पाहिलं तर गेटबाहेर वडापावच्या गाडीपाशी साक्षी उभी होती, आठवीच्या नव्या दप्तरासह. सोबत पाचवीतली दोन नवी मुलं. ती त्यांना काहीतरी सांगत होती आणि गेटकडे बोट दाखवत होती.

मी खाली गेले. शिपाईमामांनी माझ्याकडे बघून कुलूप काढलं. त्याच दिवशी अर्ज लिहून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला: डोंगरावरच्या नळाची वेळ, मुलांची नावं, प्रवेशाची मुदत साडेआठ. गेल्या वर्षी नावं सात होती, या वर्षी नऊ आहेत. अर्जावर त्यांनी ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आहे. तोवर मामा आणि मी मिळून गेट उघडतो.